बेट कोणाचे, राजा कोणाचा

डिसेंबर १८२७. इंग्लंडातल्या यॉर्कशर परगण्यात, हॉवर्थ गावच्या पाद्र्याच्या घरी चार मुले स्वयंपाकघरातल्या जाळाभोवती बसली होती. मेणबत्ती लावायची की नाही यावरून घरकाम करणाऱ्या टॅबीशी त्यांची नुकतीच हुज्जत झाली होती आणि टॅबीने ती जिंकली होती. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग दहा वर्षांचा ब्रॅन्वेल कंटाळून म्हणाला, काय करावे तेच सुचत नाही. एमिली आणि ॲन यांनी त्याचीच री ओढली. टॅबीचा सल्ला सोपा होता: सुचत नसेल तर जाऊन झोपा. तेव्हा अकरा वर्षांच्या शार्लटने तोड काढली, आपल्या प्रत्येकाचे एकेक बेट आहे असे धरू. ब्रॅन्वेलने तत्काळ मॅन बेट पटकावले, शार्लटने वाइट, एमिलीने ॲरन आणि सात वर्षांच्या ॲनने गर्न्सी. मग कोणाच्या बेटावर कोण राहणार हे ठरले. शार्लटकडे ड्यूक ऑफ वेलिंग्टन आला, एमिलीकडे वॉल्टर स्कॉट. तेवढ्यात घड्याळात सात वाजले आणि सगळ्यांची रवानगी अंथरुणात झाली. दुसऱ्या दिवशी याद्या वाढत गेल्या आणि देशातली बहुतेक बडी मंडळी त्यांत येऊन बसली. शार्लट ब्राँटेने १८२९ मध्ये हा प्रसंग लिहून ठेवला, म्हणून तो इतक्या तपशिलाने आपल्यापर्यंत पोहोचला आहे.

त्या रात्री काय ठरले आणि काय ठरले नाही, हे नीट पाहण्यासारखे आहे. गोष्टीत काय घडणार, नायक कोण, शेवट कसा, याबद्दल एक अक्षर निघाले नाही. वाटणी झाली ती ठिकाणांची आणि माणसांची. आज जगभर तरुण मंडळी एखाद्या घराच्या दिवाणखान्यात, कॅफेत किंवा इंटरनेटवर एकत्र जमून अद्भुत कथेचे खेळ खेळतात, त्यासाठी राज्ये, नगरे, देवदेवता आणि शत्रू आधी मिळून रचतात. या रचनेविषयी बोलताना सगळा भर कल्पनाशक्तीवर दिला जातो: नकाशा किती सुंदर, जादू किती अभिनव, इतिहास किती खोल. माझे म्हणणे असे की चार-सहा माणसांनी मिळून रचलेली गोष्ट कल्पनेच्या दुष्काळाने सहसा मरत नाही. कशाचा निर्णय कोणी घ्यायचा आणि कशाचा निर्णय आज घ्यायचाच नाही, हे न ठरल्याने ती मरते. प्रश्न प्रतिभेचा कमी आणि अधिकाराचा जास्त आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टेबलाभोवती चार ते सहा जण बसतात. त्यातला एक गेममास्टर. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात: कोणी चोर, कोणी मांत्रिक, कोणी देशोधडीला लागलेली सरदारकन्या. समोर काय दिसते ते गेममास्टर सांगतो, आपले पात्र काय करते ते खेळाडू सांगतात आणि निकाल अनिश्चित असेल तिथे फासे टाकतात. सोंगट्या आणि पट असतील किंवा नसतीलही. जिंकणे-हरणे रूढ अर्थाने नसतेच. गोष्ट पुढे सरकते, कधी कधी वर्षानुवर्षे. अशी मोठी मोहीम सुरू करण्यापूर्वी फासे न टाकता नुसते बोलण्यासाठी जी बैठक होते तिला खेळाडू 'सेशन झीरो' म्हणतात. या लेखाचा विषय ती बैठक.

या खेळाचा जन्मच मुळी एका फसलेल्या नियोजनातून झाला. प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी 'क्रीग्सश्पील' हा युद्धखेळ होता. त्याचे नियम १८२४ मध्ये राइसवित्झ या अधिकाऱ्याने छापले. त्यात एक पंच असे. त्याच परंपरेतले, पंचाला भरपूर मोकळीक देणारे 'स्ट्रॅटेगोस' हे अमेरिकन पुस्तक १८८० मधले. मिनेसोटा विद्यापीठाच्या ग्रंथालयात ते डेव्हिड वेस्ली या युद्धखेळाच्या शौकिनाच्या हाती लागले. १९६९ मध्ये वेस्लीने मित्रांसाठी नेपोलियनच्या काळातले ब्राउनश्टाइन नावाचे एक काल्पनिक जर्मन गाव मांडले. दोन सैन्ये गावाकडे येत आहेत, एवढी पार्श्वभूमी. नवे होते ते असे की सेनापतींखेरीज इतर खेळाडूंना त्याने गावातली माणसे करून टाकले: कोणी नगरप्रमुख, कोणी सावकार, कोणी विद्यापीठाचा कुलपती, आणि प्रत्येकाला आपापला मतलब. एकेकाने येऊन आपल्याला चाल सांगावी, असा वेस्लीचा बेत. पण खेळाडू आपसातच बोलू लागले, कट शिजवू लागले, कोपऱ्यात जाऊन सौदे करू लागले. लढाई बाजूलाच राहिली. संध्याकाळ वाया गेली असे वेस्लीला वाटले. खेळाडू मात्र पुन्हा कधी खेळायचे म्हणून मागे लागले.

त्या मंडळींपैकी डेव्ह अर्नेसनने १९७१ मध्ये हीच रीत मध्ययुगीन वेषात नेली आणि 'ब्लॅकमूर' हे राज्य उभे केले. विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावच्या गॅरी गायगॅक्सबरोबर त्याने ते नियमांत बसवले आणि १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपात बाजारात आले. त्या पुस्तिकांमध्ये गेममास्टरला सांगितलेली तयारी लक्षणीय आहे. आलेखाच्या कागदावर भुयारांच्या निदान सहा मजल्यांचे नकाशे काढा, कुठे कोणता राक्षस आणि कुठे धन ते नोंदवा. भुयाराबाहेरच्या रानावनासाठी तर ॲव्हलॉन हिल कंपनीच्या 'आउटडोअर सर्व्हायव्हल' या खेळाचा पट वापरायची सूचना आहे, म्हणजे भूगोलही उसना चालेल. कथानक तयार करा असे कुठे नाही. जागा तयार असावी, तिथे कोण आहे आणि त्याला काय हवे आहे हे ठाऊक असावे, पुढचे खेळाडू ठरवतील, हे त्यात गृहीत आहे. ब्राउनश्टाइनचा धडा तोच होता: सावकाराला काय हवे ते वेस्लीने ठरवले होते, सावकार काय करील ते ठरवले नव्हते, म्हणून गावात जीव आला.

कथानक आले ते दहा वर्षांनी. १९८४ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स काढणाऱ्या टीएसआर कंपनीने 'ड्रॅगनलान्स' ही मालिका काढली. ट्रेसी आणि लॉरा हिकमन या दांपत्याच्या मूळ कल्पनेवर कंपनीतल्या चमूने काम केले, आणि मार्गारेट वाइस व ट्रेसी हिकमन यांनी तीच कथा कादंब­ऱ्यांत लिहायला घेतली. खेळाची मॉड्यूले, म्हणजे आयत्या मोहिमांच्या पुस्तिका, आणि कादंब­ऱ्या हातात हात घालून येणार, अशी ती योजना. खेळाडूंना पात्रे आयती मिळत: टॅनिस, स्टर्म, रेस्टलिन. पुढे काय व्हायचे तेही बरेचसे आयते होते, कारण कादंबरीत ते छापले जात होते. मग खेळताना एखादे महत्त्वाचे पात्र फाशांच्या कौलाने मेले तर? मॉड्यूलमध्ये त्याची सोय होती. मृत्यू संदिग्ध ठेवा. पात्र कड्यावरून कोसळले, पुरात वाहून गेले, प्रेत सापडले नाही, असे दाखवा, म्हणजे पुढे त्याला परत आणता येईल. अशा व्यवस्थेत खेळाडू फासे टाकतो खरा, पण कौल आधीच लागलेला असतो. रूळ टाकून गाडी हाकणे, असे खेळाडू आजही या प्रकाराला चिडवतात.

गंमत अशी की हीच युक्ती हॉवर्थच्या मुलांनाही सुचली होती. जून १८२६ मध्ये वडिलांनी लीड्सहून ब्रॅन्वेलसाठी आणलेल्या बारा लाकडी शिपायांपासून त्यांचे 'ग्लास टाउन' सुरू झाले. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ते नगर वसले, चौघांच्या नायकांची चार राज्ये झाली, आणि मुले स्वतः या जगातले चार महाजिन्न झाली. मेलेल्याला जिवंत करणे हा जिन्नांचा अधिकार. लढाईची हौस ब्रॅन्वेलला दांडगी, तेव्हा मेलेली माणसे पुन्हा उठवण्याची गरज वारंवार पडत असणार. दोन्ही ठिकाणी दुखणे एकच आहे: ज्या पात्रावर एकाचा जीव जडला आहे त्याचे काय करायचे हे दुसराच ठरवू शकतो, आणि त्याला अडवणारा करार झालेला नाही.

हे दुखणे १८३६ मध्ये टोकाला गेले. ग्लास टाउनच्या पूर्वेला शार्लट आणि ब्रॅन्वेल यांनी १८३४ मध्ये अँग्रिया हे नवे राज्य वसवले होते. युद्धे आणि राजकारण बहुधा त्याच्याकडे, प्रेम आणि मनोव्यापार तिच्याकडे, अशी कामाची वाटणी आपोआप झाली होती. शार्लट रो हेडच्या शाळेत शिकवायला गेली आणि गोष्टीची सूत्रे घरी ब्रॅन्वेलच्या हाती राहिली. त्याने राज्यात बंड घडवले, राजा झमोर्नाला परागंदा केले आणि त्याच्या विरहाने झुरणाऱ्या राणीला मरणपंथाला लावले. शाळेच्या कोंदट दिवसांत शार्लटने आपल्या टिपणांत लिहिलेली चिंता खरीखुरी आहे: भावाने डचेसला, म्हणजे याच राणीला, खरेच मारले का, तिला पुरलेसुद्धा का? पुढे शार्लटने आपल्या लेखणीने राणीला जिवंत ठेवले. दोघे असामान्य प्रतिभेचे, दहा वर्षे एकाच जगात रमलेले, एकमेकांचे पान न् पान वाचणारे. तरीही एक साधा प्रश्न त्यांनी कधी सोडवला नव्हता: दुसऱ्याच्या लाडक्या पात्राला मारायचे तर विचारायचे कोणाला?

आणि धाकट्या दोघींनी काय केले? शार्लट १८३१ मध्ये पहिल्यांदा रो हेडच्या शाळेला, तेव्हा शिकायला, गेल्यावर एमिली आणि ॲन ग्लास टाउनमधून बाहेर पडल्या आणि उत्तर प्रशांत महासागरात त्यांनी गोंडाल हे स्वतःचे बेट काढले. घरातल्या भूगोलाच्या पुस्तकात ॲनने खऱ्या गावांच्या यादीत गोंडालची नावेही हाताने लिहून टाकली. मोठ्या भावंडांच्या जगात या दोघींच्या वाट्याला मुलूख होते, पण गोष्ट कुठे वळणार यावर त्यांचे फारसे चालत नसे. त्यांचे जाणे हा रुसवा नव्हता. अधिकार नाही तिथे रस टिकत नाही, एवढेच ते सांगते. आजच्या टेबलावरही असेच होते. ज्या खेळाडूच्या सूचनेला तीन बैठकांत एकदाही जागा मिळत नाही तो चौथ्या बैठकीला आजारी पडतो.

अधिकाराची वाटणी हाच पाया मानून बांधलेला एक खेळ जवळून पाहू. बेन रॉबिन्सचा 'मायक्रोस्कोप', २०११ सालचा. यात गेममास्टरच नाही. सगळे मिळून एका जगाचा संपूर्ण इतिहास रचतात. समजा चौघी बसल्या आहेत. आधी एका वाक्यात विषय ठरतो: नदीच्या देवतेशी करार करून उभे राहिलेले साम्राज्य आणि त्याचा अस्त. लगेच दोन्ही टोके ठरतात, पहिला कालखंड करार झाला तो आणि शेवटचा नदी कोरडी पडली तो. मग जमाखर्चासारखी एक छोटी यादी, एका बाजूला 'हवे', दुसऱ्या बाजूला 'नको'. पहिली म्हणते, बोलणारे प्राणी हवेत. दुसरी म्हणते, मेलेले परत येणे नको. इथपर्यंत चर्चा, घासाघीस, मनधरणी, सगळे चालते. यादी झाली की मात्र नियम उलटतो. आता जिची पाळी तिने कार्डावर एक कालखंड किंवा घटना लिहायची आणि टोकांच्या मध्ये हवी तिथे ठेवायची. बाकीच्यांनी सूचना करायची नाही, 'असे केले तर?' म्हणायचे नाही, ती अडली तरी मदत करायची नाही. तिसरीने लिहिले, 'राजधानी आगीत भस्म होते.' चौथीच्या मनात त्या राजधानीत एक विद्यापीठ होते. तिला आता आगीच्या आधीच्या काळात जाऊन ते बांधावे लागेल. बांधायला बंदी नाही, आग विझवायला आहे.

नवख्यांना हा नियम तुसडा वाटतो. मिळून रचायचे आणि बोलायचे नाही, हे कसले सहकार्य? पण समितीत बसलेल्या कोणालाही याचे उत्तर ठाऊक असते. चर्चेत ज्याचा आवाज मोठा त्याची कल्पना टिकते, आणि ती कोणालाच खुपू नये म्हणून तिचे कंगोरे घासले जातात. राजधानी जाळण्याचा प्रस्ताव चर्चेला आला असता तर अर्धी राजधानी जळाली असती. पाळीचा नियम भिडस्त खेळाडूला तेवढाच वेळ आणि तेवढाच अधिकार देतो जेवढा बोलक्याला. सीमा सर्वांनी मिळून आखाव्यात आणि आतली भर एकेकट्याने घालावी, हा क्रम मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. बहुतेक टेबलांवर तो नेमका उलटा असतो: सीमांविषयी कोणी बोलत नाही आणि राजवाड्याच्या खिडक्यांवर तासभर वाद चालतो.

आता कोणी म्हणेल, या खेळात शेवट तर आधीच ठरला. मग ड्रॅगनलान्सला नावे का ठेवायची? आक्षेप रास्त आहे, आणि आपल्याकडचा दाखला दिला तर तो आणखी धारदार होतो. सिंधुदुर्गात आणि गोव्यात जत्रेच्या रात्री दशावतारी नाटक होते. त्याची लिखित संहिता नसते. आख्यान ठरते, कोण कोणते पात्र करणार ते ठरते, प्रसंगांचा क्रम सांगितला जातो, आणि संवाद नट रंगमंचावर उभे राहून रचतात. राक्षस शेवटी मरणार हे प्रेक्षकांतल्या लहान पोरालाही माहीत असते. तरीही रात्र जागते, कारण लोक शेवट शोधायला आलेलेच नसतात. राजा आणि राक्षस यांची शब्दांची जुगलबंदी आज कुठवर चढते ते पाहायला आलेले असतात, आणि तेवढा भाग पूर्ण मोकळा असतो. तेव्हा नियम 'शेवट ठरवू नका' असा नाही. ज्या गोष्टीचा शोध घ्यायला माणसे जमली आहेत तीच आधी ठरवू नका, असा तो आहे. मायक्रोस्कोपमध्ये शोध मधल्या काळाचा असतो, म्हणून टोके बांधली तरी चालतात. ड्रॅगनलान्सने खेळाडूला सांगितले की जगाचे भवितव्य तुझ्या हाती आहे, आणि भवितव्य तेवढे छापून ठेवले. त्या मालिकेतही जे मोकळे राहिले ते बहरले. हिकमनच्या घरी झालेल्या सुरुवातीच्या चाचणीत टेरी फिलिप्स या मित्राने रेस्टलिनचे संवाद घोगऱ्या कुजबुजीत बोलायला सुरुवात केली. ती कुजबुज योजनेत नव्हती, आणि लाखो वाचकांच्या लक्षात राहिलेला रेस्टलिन तोच.

दुसरा आक्षेप अधिक जुना आहे आणि अधिक मानाचा. अद्भुताचे जग एकाच मनातून यावे, नाही तर त्याची गोधडी होते. टोल्किनचे नाव इथे हमखास येते. पण टोल्किनच्या वाचकाला एकच अधिकार असतो, पान उलटण्याचा. खेळाडूला त्या जगात घर हवे, नातेवाईक हवेत, कोणाशी तरी हाडवैर हवे. एकट्याने रचलेले खोल जग खेळायला दिले तर काय होते, याचा उत्तम दाखला एम. ए. आर. बार्करचा आहे. मिनेसोटा विद्यापीठात उर्दू आणि दक्षिण आशियाई विषय शिकवणाऱ्या या भाषातज्ज्ञाने टेकुमेल नावाचे जग आयुष्यभर रचले: देवांच्या पंक्ती, घराणी, शिष्टाचार, आणि व्याकरण व लिपीसह त्सोल्यानी भाषा. १९७५ मध्ये टीएसआरने 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन' या नावाने ते प्रसिद्ध केले. खेळाडूंनी सुरुवात कशी करायची? छोट्या बोटीतून जकाल्ला बंदरावर उतरलेले रानटी परदेशी म्हणून, ज्यांना परक्यांच्याच वस्तीत राहावे लागते. तोड हुशार आहे. या जगात जन्मलेले पात्र घ्यायचे तर आधी बार्करइतका अभ्यास हवा. तो नाही, म्हणून सगळेच पाहुणे. एकसंध जगाची ही किंमत आहे आणि काही खेळाडू ती आनंदाने मोजतात. पण पाहुण्याच्या गोष्टी आणि घरच्यांच्या गोष्टी वेगळ्या असतात. गावचा पाटील आपला काका आहे, हे वाक्य पाहुणा म्हणू शकत नाही.

याउलट व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांच्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' या २०१० सालच्या खेळापासून एक वेगळी शिस्त रुजली. गेममास्टरने कथानक रचायचे नाही, संकटे रचायची. प्रत्येक संकटाचे एक घड्याळ काढायचे: कोणी आडवे आले नाही तर आधी काय होईल, मग काय, आणि बारा वाजता काय कोसळेल. खेळाडूंना त्यांच्या पात्रांविषयी प्रश्न विचारायचे आणि मिळालेली उत्तरे जगात घालायची. त्याच कुळातला 'डंजन वर्ल्ड' २०१२ मध्ये आला. तो तर बजावतो की नकाशा काढा, पण त्यात मुद्दाम रिकाम्या जागा ठेवा. यावर लगेच म्हटले जाते की हा आळस आहे आणि अशाने विसंगती माजतात. मला उलट दिसते. विसंगती रिकाम्या जागेतून येत नाही. दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी भरल्या आणि लिहून ठेवल्या नाहीत तर येते. त्यावर उपाय साधा आहे: एक वही, आणि बैठक संपताना तिच्यात आज काय पक्के झाले त्याची नोंद. ॲनने भूगोलाच्या पुस्तकात नावे लिहिली ती याच कामाची.

मग भरायचे काय? तपशील किती, यापेक्षा तो कोणाचा निर्णय बदलतो का, हे पाहावे. पूर्वीच्या हजार वर्षांच्या राजवंशाची यादी वाचून कोणत्याही पात्राने आजवर वाट बदललेली नाही. पण नदी उतरायला एकच जागा आहे, तिथे मिठावर जकात बसते, आणि जकात घेणारा माणूस गेल्या सुगीपासून कोणासाठी वसूल करतो आहे हे गावाला कळत नाही, एवढे सांगा. टेबलावरचा मिठाचा व्यापारी, पळालेला शिपाई आणि भुकेला भिक्षू तिघेही कान टवकारतील. यात भूगोल आहे, अर्थकारण आहे, सत्तेचा पेच आहे, आणि पुढे काय घडेल याचा एकही शब्द नाही. यातला शेवटचा प्रश्न, वसुली कोणासाठी, गेममास्टरने आपल्याजवळ ठेवावा. भिक्षूचा मठ कुठे आणि तो का सोडला, हे मात्र त्या खेळाडूलाच विचारावे.

इथे सर्वांत बळकट आक्षेप येतो, आणि तो पूर्ण परतवता येईल असे मला वाटत नाही. जग मीच रचले तर त्याचे मला नवल काय? देवळाच्या गाभाऱ्यात काय आहे हे मीच ठरवले असेल तर दार उघडताना छाती धडधडणार कशी? पॉल झेगे या खेळ-रचनाकाराच्या नावाने ओळखले जाणारे एक तत्त्व याच मुद्द्याचे आहे: अडचण निर्माण करणारा आणि ती सोडवणारा एकच माणूस असेल तर खेळात मजा राहत नाही. म्हणून वाटणी हवी. खेळाडूने आपला भूतकाळ, आपले आप्त, आपले गाव सांगावे, पण त्या गावावर कोणते अरिष्ट येणार ते दुसऱ्याने. रहस्यकथा आणि भयकथा यांत मात्र हा तोडगा अपुरा पडतो. खून कोणी केला हे सगळ्यांनी मिळून ठरवलेली रहस्यकथा म्हणजे निकाल वाचून सोडवलेला पेपर. तिथे बहुतांश नियोजन एकाकडेच राहावे आणि इतरांनी ते मान्य करावे. तोही अधिकाराचा करारच. फक्त तो उघडपणे झालेला असावा.

उघडपणाचा आणखी एक भाग अलीकडे फार चेष्टेचा विषय झाला आहे: कोणते विषय गोष्टीत नकोत याची यादी. रॉन एडवर्ड्स या रचनाकाराने २००३ च्या आसपास 'लाइन्स अँड व्हेल्स' ही जोडी मांडली. काही विषय पूर्ण वर्ज्य, काही घडतील पण पडद्याआड. पुढे याच्या प्रश्नावल्या निघाल्या, खुणांची कार्डे निघाली, आणि सेशन झीरोला कार्यालयीन बैठकीची कळा येऊ लागली, ही तक्रार खोटी नाही. चार पानी फॉर्म भरून कोणी अद्भुताच्या दारात शिरत नाही. पण चेष्टा करणारे एक विसरतात. कादंबरी नकोशी झाली तर वाचक ती मिटतो. टेबलावरच्या खेळाडूच्या पात्रावर बलात्काराचा प्रसंग गुदरला तर तिने काय मिटायचे? ती तिथे बसलेली असते, पात्राच्या वतीने 'मी' म्हणून बोलत असते, आणि समोर मित्र असतात. दोन वाक्यांची यादी त्यासाठी पुरते, आणि मायक्रोस्कोपमधल्या 'नको'च्या रकान्यापेक्षा ती वेगळी काही नाही.

टेबलावरची गोष्ट पुस्तकात गेली की अधिकाराचा प्रश्न नव्याने उभा राहतो. जपानमध्ये 'ग्रुप एसएनई' या मंडळाने आपल्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या बैठकांचे वृत्तान्त १९८६ पासून 'कॉम्प्टिक' मासिकात छापले. त्यातून 'रेकॉर्ड ऑफ लोडोस वॉर' जन्मले. १९८८ पासून गेममास्टर र्यो मिझुनोने त्याच्या कादंबऱ्या लिहिल्या. त्यातली डीडलिट ही एल्फ तरुणी जपानी अद्भुतकथेतल्या पुढच्या कित्येक एल्फ नायिकांचा साचा ठरली. टेबलावर ती खेळली होती हिरोशी यामामोतो या विज्ञानकथाकाराने. कॅनडातल्या स्टीव्हन एरिक्सन आणि इयान कॅमेरॉन एसलमाँट या दोन पुरातत्त्वज्ञांनी १९८२ मध्ये खेळण्यासाठी मलाझन साम्राज्य रचले आणि पुढे दोघांनीही त्यावर स्वतंत्र कादंबऱ्या लिहिल्या. एरिक्सनची दहा खंडांची मालिका १९९९ ते २०११ या काळात आली. एसलमाँटने त्याच जगातले वेगळे मुलूख आणि वेगळे प्रसंग घेतले. त्यांच्या जगाला उत्खननाच्या थरांसारखी खोली आहे असे वाचक म्हणतात, आणि त्याचे श्रेय त्यांच्या पेशाला देतात. मला वाटते तेवढेच श्रेय वाटणीला द्यावे. प्रत्येकाच्या वाट्याचा भाग दुसऱ्यासाठी खरोखरच बाहेरचा असल्याने त्या जगाच्या क्षितिजापलीकडे काही तरी असल्याचा भास होतो.

खेळाच्या जन्मदात्यांना मात्र ही वाटणी साधली नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्समधले नेमके काय कोणाचे, यावरून अर्नेसनने १९७९ मध्ये टीएसआरवर मानधनासाठी दावा लावला आणि १९८१ मध्ये तडजोड झाली. ड्रॅगनलान्सचे हक्क टीएसआरबरोबरच 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट'कडे गेले. आपल्याच पात्रांच्या नव्या कादंबऱ्यांना कंपनी आडकाठी करते आहे, म्हणून वाइस आणि हिकमन यांना ऑक्टोबर २०२० मध्ये न्यायालयात जावे लागले. त्याच डिसेंबरात त्यांनी दावा मागे घेतला आणि त्यातली पहिली कादंबरी २०२२ मध्ये आली. रेस्टलिनच्या कुजबुजीवर आजवर कोणी दावा लावलेला नाही.